सॅक्सोफोनवर राग वाजवायचाय? आधी पॅड बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परीक्षांचे निकाल लागले की मराठवाड्यातल्या बँडवाल्यांच्या घरांतून एक प्रश्न हमखास येतो. पोराचा सॅक्सोफोनवर हात चांगला आहे, पण वरातीपलीकडे त्याचं काही होईल का? जालना असो, परभणी असो की बीड, नांदेड, लातूर. बऱ्यापैकी बँड पार्टीत मधल्या मापाचा अल्टो किंवा त्याहून मोठा टेनर सॅक्सोफोन असतोच. म्हणजे वाद्य घरात आहे, छातीत दम आहे, बोटं तयार आहेत, शेकडो गाणी पाठ आहेत. तरी हेच वाद्य घेऊन तानपुऱ्यापुढे बसलेला आपल्याकडचा तरुण क्वचितच दिसतो. गुणवत्ता कमी पडते असं आम्हाला मुळीच वाटत नाही. वाद्य गळकं असतं, माउथपीस (तोंडात धरायचा तुकडा) चुकीचा असतो, सा कुठे धरायचा हे कुणी सांगितलेलं नसतं आणि पुढे स्पर्धेच्या अर्जावर सॅक्सोफोनला जागा नसते. या चारही गोष्टी दुरुस्त होण्यासारख्या आहेत, म्हणून हे पत्र.

या वाद्यावर आपलं संगीत वाजतं का, हा प्रश्न कद्री गोपालनाथ यांनी कधीच निकालात काढला आहे. दक्षिण कन्नड जिल्ह्यातलं नागस्वरम वाजवणारं घर. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये त्यांनी सॅक्सोफोन ऐकला आणि तोच धरला. मंगळूरला एन. गोपालकृष्ण अय्यर आणि पुढे मद्रासला टी. व्ही. गोपालकृष्णन यांच्याकडे रीतसर शिक्षण घेतलं. १९८० मध्ये मुंबईच्या जॅझ महोत्सवात ते अमेरिकी वादक जॉन हँडी यांच्याबरोबर वाजले. १९९४ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसी प्रॉम्स या महोत्सवात कर्नाटक संगीत त्यांनी पहिल्यांदा नेलं. २००४ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ते गेले. आज त्या किनारपट्टीवर देवळांच्या उत्सवांत सॅक्सोफोन वाजतो, आणि एम. एस. लावण्या व सुब्बलक्ष्मी या भगिनी त्यावर पूर्ण कर्नाटक मैफल करतात. अमेरिकेतले फिल स्कार्फ सोप्रानो सॅक्सोफोनवर हिंदुस्थानी राग मांडतात. नागस्वरमच्या घरातून सॅक्सोफोन पुढे गेला, तर सनईच्या घरातून का जाऊ नये?

खुद्द युरोपातही या वाद्याला दार सहज उघडलं नव्हतं. बेल्जियमच्या अडोल्फ साक्स यांनी १८४६ मध्ये पॅरिसला त्याचं पेटंट घेतलं. पॅरिसच्या संगीत महाविद्यालयात लष्करी बँडच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांचा वर्ग १८५७ ते १८७० चालला आणि बंद पडला. तो वर्ग पुन्हा सुरू झाला तो थेट १९४२ मध्ये, मार्सेल म्यूल यांच्या हाताखाली. मधली बहात्तर वर्षं हे वाद्य तिथेही बँडचंच मानलं गेलं.

आता मुद्द्याकडे. बँडमधला सॅक्सोफोन शास्त्रीय संगीताला उतरत नाही, याचं पहिलं कारण पॅड, म्हणजे नळीवरची भोकं झाकणाऱ्या गाद्या. अल्टोवर लहानमोठी मिळून पंचवीसच्या आसपास पॅड असतात. आत पुठ्ठा, त्यावर नमदा, वरून पातळ चामडं. एक जरी पॅड भोकावर नीट बसत नसेल तरी त्याच्या खालचे सगळे स्वर बिघडतात. परीक्षा सोपी आहे. सगळी भोकं बंद करून अगदी खालचा बी फ्लॅट हळू आवाजात वाजवा. तो जोरात फुंकल्यावरच येत असेल, गुरगुरत असेल किंवा वरच्या सप्तकात उडी मारत असेल, तर वाद्य गळतंय. वरातीत हे कळत नाही, कारण तिथे सगळंच जोरात फुंकायचं असतं. हळू आवाजातल्या आलापात मात्र लगेच उघडं पडतं.

गळती शोधायला अंधाऱ्या खोलीत नळीच्या आत बारीक एलईडीची माळ सोडावी आणि चावी अगदी हलक्या बोटाने दाबावी. उजेडाची फट जिथून दिसेल तिथे पॅड बसत नाही. दुसरी खूण कागदाची. सिगारेटच्या पातळ कागदाची पाच मिलिमीटर रुंद पट्टी पॅडखाली चार बाजूंना आळीपाळीने ठेवायची, चावी हलकेच बंद करायची आणि पट्टी ओढायची. चारही ठिकाणी सारखी ओढ लागली पाहिजे. एका बाजूला पट्टी सहज सुटली तर पॅड तिरका आहे. पॅड लाखेवर बसवलेला असतो. चावीची वाटी बाहेरून छोट्या ज्योतीवर जेमतेम तापवली की लाख मऊ होते, मग पॅड सपाट पट्टीने हलकेच सरळ करून, चावी बंद ठेवून गार होऊ द्यायचा. चामडं फाटलं किंवा कडक झालं असेल तर पॅड बदलण्यावाचून गत्यंतर नाही. मापं अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने बदलतात, म्हणून जुना पॅड काढून मोजल्याशिवाय नवा मागवू नये.

इथे आपल्याकडे जे उपाय चालतात ते वाद्याच्या मुळावर येतात. सायकलच्या ट्यूबचं रबर कापून पॅडच्या जागी चिकटवलं, तर उन्हाळ्यात ते मऊ होऊन भोकाला चिकटतं आणि हिवाळ्यात ताठ होतं. झटपट चिकटणारा डिंक वापरला की पुढच्या वेळी वाटी खरवडावी लागते. चाव्यांच्या दांड्यांना खोबरेल लावणारेही आहेत. ते थंडीत गोठतं आणि एरवी धूळ धरतं. शिलाई मशीनचं पातळ तेल सुईच्या टोकाने एकेक थेंब द्यावं, तेवढं पुरतं. लग्नसराईच्या आधी चिंच-मीठ लावून पितळ चकचकीत करायची पद्धत तर पूर्ण सोडायला हवी. आंबट पाणी पोलादी स्प्रिंगपर्यंत जातं, स्प्रिंग गंजते आणि ऐन वरातीत तुटते.

वाजवून झाल्यावर नळीतून कापड ओढून ओल काढणं हा रोजचा नियम. पान, सुपारी, गोड चहा तोंडात असताना वाजवलं तर साखर आणि थुंकी आत जाऊन पॅडवर बसते. सगळ्यांत आधी चिकटते ती जी शार्पची चावी. तिचा पॅड एरवी बंदच असतो आणि उघडणारी स्प्रिंग कमजोर असते, त्यामुळे चावी दाबली तरी पॅड उठत नाही. पावडर टाकू नये, पुढे तिचाच थर बसतो. टिपकागद पॅडखाली धरून दोन-चार वेळा दाबायचा, ओल निघून जाते.

दुसरं कारण माउथपीस. मिरवणुकीत आवाज पुढे जावा म्हणून धातूचा, दोन मिलिमीटरहून जास्त उघडा माउथपीस आणि त्यावर मऊ रीड, म्हणजे फुंकल्यावर थरथरणारी वेताची पातळ पट्टी, लावतात. रस्त्यावर त्याला पर्याय नाही, आम्ही त्याला नावं ठेवत नाही. पण रागासाठी एबोनाइटचा, म्हणजे कडक रबराचा, टोकाशी १.६ ते १.७ मिलिमीटर उघडा माउथपीस वेगळा ठेवावा. यामाहाचा फोर सी किंवा सेल्मरचा एस एटी सी स्टार याच मापातले आहेत, त्यातला पहिला खिशाला सोसणारा. त्यावर अडीच किंवा तीन नंबरची रीड. रीड बसवताना माउथपीसच्या टोकाची काळी कड केसभर दिसली पाहिजे. रीड पुढे गेली तर स्वर जड होतो, मागे राहिली तर चिरकतो.

ओठांची बैठक तपासायची एक खात्रीची रीत आहे. अल्टोचा माउथपीस गळ्यापासून (वरच्या वाकड्या नळीपासून) काढून नुसताच वाजवा. वरच्या सप्तकातली पांढरी सहा, म्हणजे ८८० हर्ट्झचा ए, स्थिर लागला पाहिजे. मोबाईलवरच्या ट्यूनरमध्ये ते लगेच दिसतं. त्याहून चढा लागला तर खालच्या जबड्याने रीड चावली जाते आहे. बँडमध्ये वर्षानुवर्षं वाजवणाऱ्यांचा हाच दोष असतो. उतरला तर ओठ ढिले आहेत. चावण्याची सवय मोडल्याशिवाय मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, येणार नाही, कारण मींडेला जबडा मोकळा लागतो.

रीडची गोष्ट आपल्या हवेशी बांधलेली आहे. चैत्र-वैशाखात इथली हवा इतकी कोरडी असते की रात्री चांगली असलेली रीड सकाळी टोकाशी लाटेसारखी वाकडी होते. वाजवण्याआधी दोन मिनिटं पाण्यात ठेवावी, वाजवून झाल्यावर पुसून काचेच्या सपाट तुकड्यावर दाबून ठेवावी. एकच रीड मरेपर्यंत वाजवण्यापेक्षा तीन-चार आळीपाळीने वापराव्यात, सगळ्याच जास्त टिकतात. उन्हाळ्यात प्लास्टिकची रीडही चालते. आवाजाचा गोडवा थोडा कमी मिळतो, पण ती वाकत नाही.

आता सा. बँडमध्ये गाण्याच्या पट्टीप्रमाणे सा बदलत राहतो. रागासाठी मात्र एक सा पक्का करून वर्षभर हलवू नये. अल्टोवर डाव्या हाताची तीन बोटं दाबून येणारा जी सा धरावा असं आमचं स्पष्ट मत आहे. अल्टोवरची स्वरनावं बोटांची असतात, प्रत्यक्ष स्वर वेगळा वाजतो, म्हणून हार्मोनियमवर तो काळी पाच होतो. खाली मंद्र कोमल गंधारापर्यंत जाता येतं, म्हणजे मंद्र पंचम पूर्ण हाताशी राहतो, आणि वर तार कोमल निषादापर्यंत. काही जण अगदी खालच्या बी फ्लॅटला सा धरतात, तो काळी एक होतो. त्यात खाली मध्य षड्जाशीच वाद्य संपतं. दरबारीसारख्या रागाचं अर्धं घर तिथेच बंद होतं.

जी हा सा धरला की कोमल रिषभ नेमका जी शार्पवर येतो. भैरव, तोडी, मारवा, पूरिया, सगळ्यांचा रिषभ त्या एका चिकटणाऱ्या चावीवर उभा आहे. पॅडबद्दल इतकं लांबण लावलं ते यासाठीच. भैरवात आंदोलन (स्वर सावकाश झुलवणं) घेताना चावी उघडी ठेवायची आणि खालच्या ओठाचा दाब अगदी सावकाश कमी-जास्त करायचा. बोटाने थरथर केली तर ते आंदोलन राहत नाही, खटका होतो.

खरी अडचण मध्यमाकडून पंचमाकडे जाताना येते. सी आणि सी शार्पला जवळजवळ सगळी बोटं उचललेली असतात, आणि लगेच वरच्या डीला सहा बोटं आणि सप्तकाची चावी एकदम दाबावी लागते. म्हणजे यमनमध्ये तीव्र मध्यम आणि पंचम यांच्यामध्येच वाद्याचा सांधा येतो. नेहमीच्या बोटांनी तिथे मींड निघत नाही, तुटक आवाज येतो. उपाय असा की मध्यम खालच्या सीची बोटं दाबून आणि सप्तकाची चावी लावून घ्यायचा. तोच सी लागतो, पण लांब नळीचा, पंचमाच्या कुळातला. मग उजव्या करंगळीची चावी सावकाश सोडत गेलं की मध्यम सरकत पंचमावर पोचतो. तीव्र मध्यमालाही हीच युक्ती, खालच्या सी शार्पच्या बोटांनी. त्याचा आवाज उघड्या सी शार्पपेक्षा भरीवही असतो. बहुतेक अल्टोवर हा मधला डी मुळात थोडा चढा असतो. पंचम तानपुऱ्याच्या वर जातोय असं वाटलं तर डाव्या करंगळीने खालच्या बीची चावी जोडीला दाबावी, तो उतरतो.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. ओठाने स्वर उतरवता येतो, चढवता जवळजवळ येत नाही. म्हणून चढती मींड घेताना वरच्या स्वराची बोटं आधीच लावून, ओठाने तो खाली ओढून सुरू करायचा आणि हळूहळू सोडायचा. वरच्या सप्तकात स्वर भरपूर वाकतो, मंद्रात फारच थोडा, तिथे बोटांनीच काम करावं लागतं. शुद्ध गंधार वाद्यावर तयार येतो तो तानपुऱ्यात ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा १४ सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो, तोही ओठानेच उतरवायचा. यासाठी रोज वीस मिनिटं नुसते लांब स्वर, आणि दहा मिनिटं नुसत्या माउथपीसवर पांढरी सहापासून खाली सरकत येण्याचा सराव. हा सराव घरच्यांना ऐकवत नाही, हे खरं. पण मींड तिथेच तयार होते.

हवामानाचाही स्वराशी संबंध आहे. हवा तापली की नळीतला स्वर चढतो. नळीतली हवा एक अंशाने तापली की साधारण ३ सेंट, असा हिशेब आहे. मोबाईलवरचा तानपुरा जागचा हलत नाही. म्हणून मे महिन्यात उन्हात ठेवलेलं वाद्य उचलून लगेच मिळवू नये. सावलीत ठेवून, पाच मिनिटं वाजवून, मग माउथपीस गळ्यावरच्या कॉर्कवर मागे-पुढे करावा. मागे ओढला की स्वर उतरतो. फार ओढला तर तार सप्तकातले स्वर खालच्यांपेक्षा जास्त उतरतात आणि सप्तकं आपसात जुळत नाहीत.

पोटापाण्याचं काय, हे पालकांनी विचारणं रास्तच आहे. नुसत्या मैफलींवर घर चालेल असं आम्ही कुणालाही सांगत नाही. पाश्चात्त्य शास्त्रीय बाजूलाही तसंच आहे. सिंफनी वाद्यवृंदात सॅक्सोफोनची कायमची खुर्ची नसते, रॅव्हेलच्या 'बोलेरो'सारख्या मोजक्या रचनांसाठी वादक बोलावतात. तिथले वादक शिकवतात, चौघांचे गट करून वाजवतात, लष्करी बँडमध्ये नोकरी करतात. आपल्याकडेही नोकरीच्या वाटा आहेत आणि त्या बँडवाल्यांच्या मुलांना माहीत नाहीत, याचं वाईट वाटतं. महाराष्ट्र पोलीस भरतीत बँड्समनची पदं निघतात आणि त्यांना दहावी पुरते. हवाई दलाच्या अग्निवीरवायू संगीतकार भरतीच्या वाद्यांच्या यादीत सॅक्सोफोन आहे. तिथेही शिक्षण दहावी, पण वाद्य स्वरात मिळवून दाखवावं लागतं, ऐकवलेला स्वर ओळखून लावावा लागतो आणि एखादी स्वरलिपी वाचता यावी लागते. आपली मुलं अडतात ती याच ठिकाणी, कारण सगळं कानाने शिकलेलं असतं. भातखंडे लिपी दोन महिन्यांत येते. स्टाफ नोटेशनला वर्ष द्यावं लागतं, पण त्यानंतर ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या संस्थांच्या सॅक्सोफोन परीक्षा पहिल्या ग्रेडपासून आठवीपर्यंत देता येतात आणि शाळांत शिकवायला त्या उपयोगी पडतात.

वाद्य विकत घेणाऱ्यांसाठी एवढंच, की सोनेरी रंग बघून घेऊ नका. पडीक का होईना, चांगल्या कंपनीचं सरळ नळीचं वाद्य घेऊन त्याचे सगळे पॅड बदलणं हे स्वस्तातल्या नव्या वाद्यापेक्षा फायद्याचं ठरतं. नळी वाकलेली किंवा गळ्याला चीर गेलेली असेल तर मात्र हात लावू नका.

शेवटी ज्यांच्या हातात निर्णय आहेत त्यांना विनंती. हार्मोनियमला आकाशवाणीने १९४० मध्ये बंदी घातली होती, ती तीसेक वर्षांनी सैल झाली, आणि आज हार्मोनियमशिवाय आपली मैफल होत नाही. सॅक्सोफोनला एवढी वाट बघायला लावू नये. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडच्या विद्यापीठांनी युवक महोत्सवाच्या शास्त्रीय स्वरवाद्याच्या नियमांत सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट ही नावं स्पष्ट लिहावीत. परीक्षकांनी वाद्याकडे न बघता राग बघावा. वेरूळ-अजिंठा महोत्सवात एखादं सत्र मराठवाड्यातल्या सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायच्या, वाद्यांना द्यावं, त्यात सनईशेजारी सॅक्सोफोन असावा.

आणि सगळ्यांत आधी हवी ती दुरुस्तीची कार्यशाळा. बहुतेकांना आज पॅड बसवून घ्यायला पुण्या-मुंबईकडे जावं लागतं, वाद्य तिकडे अडकलं की हंगामाची सुपारी जाते. पाच दिवसांत होतकरू मुलगा पॅड बसवणं, स्प्रिंग बदलणं आणि गळ्याचा कॉर्क लावणं शिकू शकतो. त्याला लागतं ते एलईडीची माळ, लाखेच्या कांड्या, छोटा स्पिरिटचा दिवा, स्प्रिंगचा हूक, घड्याळजीचे स्क्रू ड्रायव्हर आणि मापाप्रमाणे पॅडचे दोन-तीन संच. आषाढी एकादशीपासून गणपती बसेपर्यंत लग्नं नसतात आणि बँडवाले मोकळे असतात, तेव्हा हीच वेळ साधावी. कुठल्याही संस्थेने जागा आणि पॅडचा खर्च उचलला तर शिकवायला आम्ही विनामोबदला येऊ. येणाऱ्याने आपलं वाद्य जसं असेल तसं आणावं, घासूनपुसून आणू नये, म्हणजे दोष नेमका कुठे आहे ते दिसेल.

आपले,
सुषिर वाद्यांचे काही वादक आणि शिक्षक,
मराठवाडा